मध्ययुगीन मेजवानीचे खेळ: एक ओळख

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतील मुले-मुली आता अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. आई-वडील वर्ष-दोन वर्षांनी सहा महिन्यांसाठी तिकडे जातात, आणि नातवंडांच्या आग्रहामुळे एक संध्याकाळ हमखास ‘किल्ल्यात’ जाते. तेथे चिलखत घातलेले स्वार भाले घेऊन एकमेकांवर घोडे घालतात, आणि आपण समोर बसून हाताने जेवतो. परत आल्यावर फोटो दाखवले जातात, पण हा प्रकार नेमका काय आहे, खरा किती आणि खोटा किती, हे कोणी सांगत नाही.

लेखाला दुसरेही एक निमित्त आहे. मागील वार्षिक सभेत काही तरुण सभासदांनी शिवजयंतीला अशीच ‘शिवकालीन भोजनसंध्या’ करावी, घोडे आणावेत, पोशाख करावेत आणि जेवणासह तिकीट लावावे, अशी सूचना मांडली. मंडळाचा जमाखर्च माझ्याकडे असल्याने माहिती गोळा करून लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. म्हणून हा लेख.

खेळाचे स्वरूप

अशा खेळात नाटक, घोडेस्वारी आणि जेवण या तिन्ही गोष्टी एकाच तिकिटात येतात. बाहेरून किल्ल्यासारखी दिसणारी इमारत असते. आत मध्यभागी वाळूचे लांबट रिंगण आणि भोवती पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेली बाके असतात. बाकांचे रंगांनुसार विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक रंगाचा एक स्वार ठरलेला असतो. इंग्रजीत त्याला नाइट म्हणतात. आपण सोयीसाठी सरदार म्हणू. ज्या रंगात तुमची जागा, त्या रंगाचा सरदार तुमचा. तो जिंकला की ओरडायचे, हरला की हळहळायचे. दारातच त्या रंगाचा कागदी मुकुट हातात मिळतो. लहान मुले तो घालतातच, पण थोड्या वेळाने आजी-आजोबाही घालतात. मीही घातला होता.

सुमारे दोन तासांच्या खेळात आधी घोड्यांची कवायत होते. शिकवलेले घोडे तालावर पावले टाकतात, मागच्या पायांवर उभे राहतात. मग बहिरी ससाणा प्रेक्षकांच्या डोक्यावरून फिरवून आणतात. त्यानंतर सरदार भाल्याने टांगलेली कडी उचलण्याचे कसब दाखवतात आणि शेवटी भाल्यांची झुंज होते. दोन स्वार समोरासमोरून भरधाव येतात, भाला ढालीवर आदळतो, एक जण खाली पडतो आणि मग जमिनीवर तलवारबाजी होते. सिंहासनावरून पूर्वी राजा हुकूम देत असे, अलीकडे राणी देते.

या काळात जेवण चालूच असते. काटे-चमचे देत नाहीत. हाताने जेवणे हेच तेथले मोठे अप्रूप आहे. आमच्या शेजारच्या बाकावरील कुटुंब बोटे बरबटल्यावर एकमेकांकडे बघून खो खो हसत होते. माझी पत्नी मला हळूच म्हणाली, “आपण रोज हेच करतो, आपल्याला तिकिटात सूट द्यायला हवी.”

उगम आणि विस्तार

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव म्हणजे मेडिव्हल टाइम्स. तिची मुळे स्पेनमध्ये आहेत. मायोर्का बेटावर आणि किनाऱ्यावरील बेनिडॉर्म येथे पर्यटकांसाठी असे खेळ आधी सुरू झाले. अमेरिकेतील पहिला किल्ला १९८३ साली फ्लोरिडातील किसिमी येथे उघडला. डिस्नेचे उद्यान जवळच असल्याने येणाऱ्या-जाणाऱ्या कुटुंबांचा राबता तेथे होताच. पुढे कॅलिफोर्नियातील ब्युना पार्क, न्यू जर्सीतील लिंडहर्स्ट, शिकागोजवळील शॉमबर्ग, टेक्सासमधील डॅलस, कॅनडातील टोरांटो असे करत सध्या एकूण दहा किल्ले आहेत. आपल्या सभासदांचा संबंध येतो तो मुख्यतः लिंडहर्स्टशी, कारण न्यू जर्सीत मराठी वस्ती मोठी आहे.

खेळातील कथा अकराव्या शतकातील स्पेनची असते. घोडे मुख्यतः अँडलुशियन जातीचे, म्हणजे मूळचे स्पेनचेच असतात आणि त्यांची पैदास व शिक्षण कंपनीच्या टेक्सासमधील स्वतःच्या तबेल्यात होते. हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. किल्ला खोटा, मुकुट कागदी, राणी नटी. पण घोडा खरा आणि त्यावर बसणाऱ्याचे कसबही खरे. पडणे ठरवून असले तरी पडणारा माणूस जमिनीवरच आदळतो. लिंडहर्स्टच्या कलाकारांनी जुलै २०२२ मध्ये कामगार संघटना करण्याच्या बाजूने मतदान केले. त्यांच्या मुद्द्यांत पगाराबरोबर सुरक्षितताही होती. पाठोपाठ ब्युना पार्कच्या कलाकारांनीही तसेच केले आणि २०२३ मध्ये तेथे संप झाला.

खरी झुंज कशी होती

युरोपात अकराव्या-बाराव्या शतकात या खेळांची सुरुवात झाली तेव्हा ती एकास एक झुंज नव्हती. दोन तट पडत आणि मैलोगणती पसरलेल्या शेतांतून शे-दोनशे स्वारांची धुमश्चक्री चाले. युद्धाचा सराव हा हेतू सांगितला जाई, पण व्यवहारही होता. हरलेल्याचा घोडा आणि चिलखत जिंकणाऱ्याचे होई, शिवाय सुटकेसाठी दंड भरावा लागे. इंग्लंडचा विल्यम मार्शल हा धाकटा, जमीन वाट्याला न आलेला मुलगा अशा खेळांवरच पैसा आणि नाव कमावत मोठा झाला आणि अखेरीस राज्याचा कारभारी म्हणून १२१९ मध्ये वारला. उलट एका दुपारीत घोडा, चिलखत आणि पत तिन्ही गमावून कर्जात बुडालेलेही पुष्कळ होते. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला ही बाजू आधी दिसते.

माणसे मरत म्हणून चर्चने बाराव्या शतकात या खेळांवर बंदी घातली. ती १३१६ मध्ये उठली. पुढे नियम आले, भाल्यांची टोके बोथट झाली. पंधराव्या शतकात दोन स्वारांमध्ये लाकडी कठडा घालू लागले, त्यामुळे घोडे एकमेकांवर आदळणे थांबले. तरीही धोका गेला नाही. ३० जून १५५९ रोजी पॅरिसमध्ये, राजघराण्यातील लग्नाच्या उत्सवात, फ्रान्सचा राजा दुसरा हेन्री स्वतः झुंजीत उतरला. समोरच्याचा भाला मोडला आणि त्याची ढलपी शिरस्त्राणाच्या फटीतून राजाच्या डोळ्यात गेली. दहा दिवसांनी राजा वारला. फ्रान्समधून हा खेळ त्यानंतर हळूहळू नाहीसा झाला.

तीनशे वर्षांनी लोकांना त्याची आठवण गोड वाटू लागली. १८३९ च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडमधील एग्लिंटन येथील उमरावाने प्रचंड खर्च करून जुन्या पद्धतीचे झुंजींचे खेळ आणि मेजवानी ठरवली. हजारो लोक जमले आणि धो धो पाऊस आला. चिलखत घातलेले सरदार छत्र्या घेऊन चिखलात उभे राहिले, मेजवानीच्या मंडपात पाणी शिरले. आजच्या भोजनखेळांचा तो पूर्वज म्हणावा लागेल. फरक एवढाच की आता डोक्यावर छप्पर असते आणि खर्च उमरावाऐवजी तिकीट काढणारा करतो.

ताटातील इतिहास

किल्ल्यात साधारणपणे टोमॅटोचे सूप, लसूण लावलेला पाव, भाजलेली कोंबडी, मक्याचे कणीस, बटाटा आणि शेवटी गोड असे जेवण असते. आता गंमत पाहा. टोमॅटो, मका आणि बटाटा ही तिन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. कोलंबस तेथे पोहोचला १४९२ मध्ये. म्हणजे अकराव्या शतकातील स्पेनच्या राजाने यांतले काहीही पाहिलेले नव्हते. ताटात त्या काळाशी जुळणारे म्हणाल तर कोंबडी आणि पाव.

हाताने जेवणे मात्र बरेचसे खरे आहे. त्या काळी युरोपात काटा फारसा वापरात नव्हता. सुरी ज्याची त्याने आणायची, बाकी बोटे. ताटलीऐवजी शिळ्या पावाचा जाड तुकडा ठेवत आणि जेवण झाल्यावर रस शोषलेला तो पाव गरिबांना देत. आपल्या पत्रावळीचाच तो भाऊ.

तिकडच्यांना हसण्याआधी आपले ताट तपासावे. ‘शिवकालीन थाळी’ म्हणून हल्ली जे वाढतात त्यात बटाट्याची भाजी आणि टोमॅटोचे सार असते. बटाटा हा शब्दच पोर्तुगिजांकडून आला, आणि टोमॅटो आपल्या स्वयंपाकघरात रुळला तो इंग्रजी अमदानीत. मिरचीही पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. म्हणजे पंधराव्या शतकात श्रीनृसिंह सरस्वती गाणगापुरात होते, तेव्हा गावातील कोणाच्याही घरी मिरचीचा ठेचा नव्हता. तिखटासाठी मिरे होते. भाकरी, तुरीचे वरण, ताक, गूळ आणि तूप हे मात्र तेव्हाही होते. जुन्या काळचे ताट वाढायचेच असेल तर आपल्याला फार शोधायला नको, फक्त बऱ्याच गोष्टी काढून ठेवाव्या लागतील.

आपल्याकडील नमुने

मराठी मुलखात याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग म्हणजे ‘जाणता राजा’. शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे यांनी लिहिलेले आणि दिग्दर्शित केलेले हे महानाट्य १९८५ मध्ये प्रथम रंगमंचावर आले. मोकळ्या मैदानात किल्ल्यासारखा भव्य रंगमंच, दोनशेहून अधिक कलाकार, खरे घोडे, हत्ती, उंट. संवाद आधी ध्वनिमुद्रित केलेले असतात आणि कलाकार त्यावर अभिनय करतात; एवढ्या मैदानात दुसरा मार्गही नाही. त्याचे हजाराहून अधिक प्रयोग झाले, २०१८ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यावरही झाले. पुरंदरे यांचे २०२१ मध्ये निधन झाले, पण नाटक चालू राहिले.

किल्ल्यातील खेळात आणि ‘जाणता राजा’त घोडे, तलवारी, मशाली सारखेच दिसतील, पण दोन ठिकाणी वाट वेगळी होते. एक म्हणजे येथे जेवण नाही. दुसरे म्हणजे प्रेक्षकाला रंग वाटून दिलेला नाही. अफजलखानाच्या बाजूने ओरडणारा विभाग तेथे करता येणार नाही, आणि कोणाचा विजय होणार हे सर्वांना आधीच माहीत असते. तरी राज्याभिषेकाच्या प्रसंगी माणसे उठून उभी राहतात. किल्ल्यात आपण खेळ पाहतो. येथे आपलीच गोष्ट पुन्हा ऐकतो.

मर्दानी खेळ हा दुसरा नमुना. कोल्हापुरातील तालमींनी लाठी, तलवार, विटा आणि दांडपट्ट्याची परंपरा टिकवली आहे. लवचिक पात्याचा पट्टा फिरवताना हात कोपरापर्यंत झाकलेला असतो आणि चुकीला जागा नसते. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा दर्जा दिला. या खेळाला घोडा लागत नाही, छप्पर लागत नाही, आणि तो आपल्या मुला-मुलींना शिकता येतो.

घोड्यावरील भाल्याचा खेळही आपल्या देशात जिवंत आहे. भरधाव घोड्यावरून जमिनीत ठोकलेली मेख भाल्याने उपटून नेणे, यास नेजाबाजी म्हणतात. सैन्यातील आणि पोलिसांतील घोडदळे आजही त्याच्या स्पर्धा घेतात. अमेरिकेतील मेरिलँड राज्याने १९६२ मध्ये ज्या खेळाला आपला अधिकृत खेळ केले, तो भाल्याने टांगलेली कडी उचलण्याचा खेळ याचाच चुलतभाऊ आहे.

राहिली जेवणाची बाजू. एका तिकिटात जेवण आणि करमणूक हा प्रकार आपल्याकडे राजाच्या नव्हे तर खेड्याच्या नावाने चालतो. जयपूरची आणि पुण्याजवळची चोखी ढाणी, ठिकठिकाणची कृषी पर्यटन केंद्रे, हिवाळ्यातील हुरड्याचे बेत ही त्याची उदाहरणे. न्यू जर्सीतील माणूस पैसे देऊन एका संध्याकाळपुरता राजाचा पाहुणा होतो आणि पुण्यातील माणूस पैसे देऊन शेतकऱ्याचा. ज्याच्याकडे जे उरले नाही, ते तो तिकीट काढून पाहतो.

आपल्या जिल्ह्यातील खरे घोडे

नातवंडांना किल्ला दाखवायला सातासमुद्रापलीकडे जावे लागते असे नाही. बहमनी राज्याची राजधानी १३४७ पासून कलबुर्गी होती, पंधराव्या शतकात ती बिदरला गेली. दोन्ही किल्ले आजही उभे आहेत, आणि त्या काळची आपल्या भागाची डोळ्यांनी पाहिलेली हकीकत एका परदेशी माणसाने लिहून ठेवली आहे.

अफनासी निकितिन हा रशियातील त्वेर गावचा व्यापारी १४७० च्या सुमारास होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर विकण्यासाठी एक घोडा आणला होता. त्या काळी चांगले घोडे समुद्रापलीकडून येत आणि त्यांना मोठी किंमत मिळे. जुन्नरला तेथील खानाने तो घोडा काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. मोठ्या मिनतवारीने तो परत मिळाला. मग तो बिदरला आला. तेव्हा वजीर होता महमूद गवान. तोही मूळचा व्यापारीच. ‘व्यापाऱ्यांचा प्रमुख’ हीच त्याची पदवी होती. १४७२ मधील त्याचा मदरसा बिदरमध्ये आजही पाहता येतो.

निकितिनने सुलतानाच्या मिरवणुकीचे वर्णन केले आहे. वीस वजीर, चिलखत घातलेले तीनशे हत्ती, त्यांच्या सुळ्यांना बांधलेल्या तलवारी, पाठीवर बुरूज आणि त्यांत बसलेले सैनिक, सोन्याचे साज चढवलेले घोडे. एवढे लिहून तो आणखी एक गोष्ट नोंदवतो: येथील उमराव अतिशय श्रीमंत आहेत आणि गावाकडची माणसे अतिशय गरीब. मिरवणूक पाहताना त्याचे लक्ष रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्यांकडेही होते.

त्याने एका जत्रेचीही नोंद केली आहे. बिदरपासून बारा कोसांवर शेख अलाउद्दीन यांच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो आणि तेथे वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीला येतात. हे ठिकाण म्हणजे आपल्याच जिल्ह्यातील आळंद. आज आळंदच्या रस्त्याने जाताना तुरीची शेते दिसतात. त्याच मातीवर कधी घोड्यांचा एवढा मोठा बाजार भरत होता हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. घोड्यांना हरभरा आणि साखर-तेल घालून शिजवलेली खिचडी देतात, असेही निकितिनने लिहिले आहे. म्हणजे मेजवानी येथेही होती, घोड्यांची.

पुढे मराठ्यांनी समुद्रापलीकडच्या महागड्या घोड्यांवर न विसंबता आपल्या मातीतले तट्टू वापरले. ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, ज्याला सरकारी पागेतून घोडा मिळे तो बारगीर. भीमेच्या खोऱ्यात वाढणारे भीमथडी तट्टू उंचीला लहान, पण काटक. कमी चाऱ्यावर दिवसभर चालणारे आणि डोंगर चढणारे. अलीकडे घोड्याची स्वतंत्र देशी जात म्हणून भीमथडीची अधिकृत नोंद झाली आहे. हीच भीमा पुणे-सोलापूर ओलांडून आपल्या संगमावर अमरजेला भेटते. धनगरांचे वाडे नदीकाठाने फिरतात तेव्हा सामान वाहणारी छोटी घोडी नातवंडांना जरूर दाखवावीत. त्यांच्या पाठीवर चिलखत नसते, हांड्या-घोंगड्या आणि कोंबड्या असतात. पण मराठ्यांच्या घोडदळाला अशाच काटक घोड्यांनी वाहून नेले.

रजकाची गोष्ट

राजाचा थाट पाहून हुरळून जाणाऱ्या प्रेक्षकाची गोष्ट आपल्या गावाला नवी नाही. गुरुचरित्राच्या नवव्या अध्यायात ती आहे. कुरवपूरला नदीकाठी कपडे धुणारा एक रजक होता. श्रीपाद श्रीवल्लभांची तो रोज मनोभावे सेवा करी. एके दिवशी नदीवर एक राजा आला. शृंगारलेली नाव, बरोबर स्त्रिया, काठावर हत्ती-घोडे, वाद्ये. रजक कपडे धुणे विसरून पाहत राहिला आणि मनात म्हणाला, असे सुख एकदा मिळाले पाहिजे. श्रीपादांनी त्याला विचारले, हे याच जन्मी हवे की पुढच्या? वय झाले होते, म्हणून त्याने पुढचा जन्म मागितला आणि तो बिदरच्या राजघराण्यात जन्मला.

पन्नासाव्या अध्यायात तो राजा मांडीवरील असह्य फोडाने हैराण होऊन गाणगापूरला येतो. सर्व वैभव आहे, पण बसवत नाही. संगमावर श्रीगुरू त्याला जुन्या नावाने, रजक म्हणूनच, ओळख देतात आणि त्याला मागचा जन्म आठवतो. पुढे तो श्रीगुरूंना पालखीत बसवून, हत्ती-घोड्यांच्या थाटात बिदरला नेतो. त्यानंतर लगेचच श्रीगुरू गाणगापूर सोडून श्रीशैल्याकडे निघतात. एवढा थाट दाराशी आल्यावर ते येथे राहिले नाहीत.

लिंडहर्स्टच्या बाकावर कागदी मुकुट घालून बसलो होतो तेव्हा मला हा रजक आठवला. तिकीट जे विकते ते हेच: दोन तासांचे राजेपण. त्यात वाईट काही नाही. श्रीपादांनीही रजकाला रागावले नाही. जे हवेसे वाटले ते दिले. फक्त मुकुट घरी नेऊन जपायचा नसतो, एवढे कळले म्हणजे झाले. माझ्या नातीने तो विमानातून आणायला लावला, ही गोष्ट वेगळी.

मंडळासाठी हिशेब

आता सूचनेविषयी. घोडा रोज खातो, प्रेक्षक रोज येत नाही. परदेशातील किल्ले तगतात ते वर्षभर खेळ चालतात म्हणून. आपला कार्यक्रम एका दिवसाचा. त्यासाठी घोडे आणायचे तर ते वरातीचे येणार. वाजंत्रीची त्यांना सवय असते, पण तलवारींच्या खणखणाटाची आणि धावत्या मुलांची नसते. फ्रान्सच्या राजाला जे चुकवता आले नाही ते आपल्या स्वयंसेवकांना चुकवता येईल, असे मी लेखी देऊ शकत नाही.

दुसरा मुद्दा जेवणाच्या तिकिटाचा. आपण ज्या गावात राहतो तेथे दुपारी पाच घरी झोळी पुढे करून माधुकरी मागतात. लक्षाधीशही मागतो आणि ज्याच्या दारी मागतो तो त्याच्याहून गरीब असू शकतो. अन्नाची किंमत न विचारता वाढणे आणि मान बाजूला ठेवून घेणे, या दोन गोष्टींवर हे गाव उभे आहे. परगावी राहणारी आपली मुले सुट्टीत येतात ती हे पाहायला. त्याच गावात आपण राजाच्या पंक्तीचे तिकीट लावले, तर हिशेब जुळेल, पण वहीत चुकीच्या पानावर जाईल.

म्हणून कार्यकारिणीपुढे पुढील गोष्टी ठेवत आहे:

१. शिवजयंतीला मर्दानी खेळांचे प्रात्यक्षिक ठेवावे आणि त्याआधी महिनाभर आपल्या मुला-मुलींसाठी लाठी-पट्ट्याचा वर्ग चालवावा. खर्चासाठी या कार्यक्रमाला ऐच्छिक देणगी घ्यावी.

२. जेवण पंगतीचेच असावे, बिनतिकिटाचे, सर्वांसाठी. मिरची, बटाटा, टोमॅटो न घालता एक दिवस जुन्या काळचे ताट करून पाहावे. मुलांना इतिहास जिभेवर कळेल. (ठेच्याची वाटी सभेच्या आग्रहाखातर बाजूला ठेवता येईल.)

३. उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशातील नातवंडे येतात तेव्हा बिदर किल्ला, महमूद गवानचा मदरसा आणि परतीच्या वाटेवर आळंद अशी एक दिवसाची सहल काढावी.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी

किल्ल्यात जाणार असाल तर तिकीट काढतानाच शाकाहारी ताट सांगून ठेवावे, ते मिळते. आवाज मोठा असतो, श्रवणयंत्र लावणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. पायऱ्या आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी खालची जागा मागावी. धूर आणि घोड्यांचा वास असतो, दम्याच्या रुग्णांनी औषध जवळ ठेवावे. आणि खेळ संपल्यावर शक्य झाल्यास मुलांना घोड्यांकडे नीट पाहायला सांगावे. त्या इमारतीत सर्वांत खरे तेच आहेत.

आपल्यापैकी कोणाच्या घरी पूर्वी घोडा होता, आजोबा-पणजोबांकडे पागा होती किंवा आळंदच्या बाजाराच्या आठवणी कोणी सांगितल्या असतील, तर मंडळाकडे जरूर लिहून द्याव्यात. नावानिशी या पानावर जोडता येतील.